नवतप्याचं ऊन आणि सावलीतलं कापड

(एका दिवंगत शिवणशिक्षिकेच्या स्मृतिव्याख्यानमालेत, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘स्त्री आणि वस्त्र’ असा छापला आहे. मी कळवलेला विषय होता ‘पाळीचं कापड’. दुसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्याचा फोन आला. “मॅडम, पत्रिका घरोघरी जाते. कुणाच्याही हातात पडते. थोडं मोघम ठेवू का?” मी म्हटलं, ठेवा. मला राग आला नाही, उलट व्याख्यानाची सुरुवात सापडली. आमची आजी पाळीची कापडं वाळत घालायची, तेव्हा वरून एक जुनं पातळ पसरायची. कापड दोरीवर असायचं, पण दिसायचं ते पातळ. आपल्या पत्रिकेनंही तेच केलं. आज तासभर ते वरचं पातळ काढून ठेवू या, एवढीच विनंती.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्या बाई नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. तुरपाई, काज, हातशिलाई. १९७० च्या सुमारास मी आठवीत होते. एका दुपारी बाईंनी वर्गाची दोन्ही दारं लावून घेतली, पिशवीतून एक विटकं लुगडं काढलं आणि सरळ दोन भागांत फाडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी कापडाची पट्टी किती लांब घ्यायची, घडी कशी घालायची, कडा का दुमडायच्या, धुताना पहिलं पाणी गारच का हवं, हे सगळं काजाचं माप सांगावं इतक्या सरळ सुरात सांगितलं. परीक्षेला न येणारा तो एकच धडा. पुढे मी गृहविज्ञान घेतलं, वस्त्रशास्त्र शिकले आणि पस्तीस वर्षं शिकवलं. तंतूंबद्दल पुस्तकांत जे सापडलं, त्यातलं बरंचसं मी त्या दुपारी ऐकलेलं होतं.

समोर टेबलावर चार वस्तू मांडल्या आहेत. लुगड्याची एक पट्टी. दोन्ही टोकांना लूप असलेलं पॅड आणि त्याचा इलॅस्टिकचा पट्टा. चिकटपट्टीचं आजचं पॅड. आणि सिलिकोनचा कप. या विषयाचा इतिहास सहसा याच क्रमानं सांगतात: आधी अंधार, मग शोध, मग उजेड. मला तो तसा वाटत नाही. हातात नवी वस्तू आली की बाई सुटली, असं कधीच झालेलं नाही. प्रत्येक वस्तू बाईकडे एक जागा मागते. धुवायला जागा, वाळवायला जागा, टाकायला जागा. वस्तू बदलत गेल्या, जागा मात्र कुणी सहज दिली नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे.

पहिली वस्तू हातात घेते. हे नागपुरी लुगडं आहे, कोष्ट्यांच्या मागावरचं. नऊवार म्हणजे सुमारे आठ मीटर. इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक इथल्या घराघरांतून मागांची खटखट ऐकू यायची, ते दिवस सभागृहातल्या पिकल्या केसांना आठवत असतील. लुगड्याचं आयुष्य पायरीपायरीनं उतरायचं. आधी सणाला, मग रोज, मग वावरात. विरलं की त्याची बाळाची झोळी व्हायची, गोधडीत जायचं, लंगोट निघायचे. आणि पाळीच्या घड्या. पोतेरं होण्याआधीची ही शेवटून दुसरी पायरी.

जुनंच कापड का? गरिबी हे कारण होतंच, पण श्रीमंत घरातही नवं कापड कुणी घेत नसे. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो आणि विणताना सुताला खळ लावतात. त्यामुळे नव्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो क्षणभर तसाच बसून राहतो. शंभर धुण्यांनंतर खळ जाते, मेण जातं, धागा सैल आणि मऊ होतो. मग तेच कापड थेंब पडताच पिऊन टाकतं. आजीला सेल्युलोज हा शब्द माहीत नव्हता, पण कोणतं लुगडं ‘लागीला आलं’, म्हणजे वापराजोगं मऊ झालं, हे तिला बोटांनी कळायचं. पहिलं पाणी गार हवं, कारण गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. प्रयोगशाळेत हे शिकवायला मला एक तास लागायचा. बाईंनी ते एका वाक्यात सांगितलं होतं.

आता हे नेसायचं कसं? तरुण मुलींना खरं कुतूहल इथेच असतं, आणि विचारायची लाजही. नऊवारीच्या आत चड्डी नसे, परकरही नसे. कमरेला करगोटा किंवा साधी नाडी बांधायची. कापडाची लांब घडी लंगोटासारखी पायांमधून घ्यायची आणि दोन्ही टोकं पुढे-मागे नाडीत खोचायची. वरून नऊवारीचा काष्टा घट्ट बसला की घडीला आधार मिळायचा. रोवणीला वाकलेली, निंदणाला बसलेली, डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई दिवसभर अशीच वावरायची. घडी सरकायची, ओली झाली की मांड्या कापायच्या. जिथे जुनेरही पुरेसं नव्हतं तिथे फडक्यात राख किंवा भुसा भरून वापरल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. पुढे सहावारी आली, परकर आला, मग चड्डी आली आणि घडी सेफ्टी पिननं टाचायची पद्धत सुरू झाली. आमच्या पिढीच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी दोन पिना हमखास असायच्या. कशासाठी, हे मुलांना कळत नसे. मास्तरांनी कधी विचारलं नाही.

हे कापड आपल्या जुन्या भाषेत किती खोल रुतलं आहे पाहा. वेदकाळात पाळीतल्या स्त्रीला ‘मलवद्वासस्’ म्हणत. अर्थ, जिचं वस्त्र मळलं आहे ती. तैत्तिरीय संहितेत कथा येते की विश्वरूपाला मारल्याचं इंद्राचं पातक वाटून दिलं गेलं आणि त्यातला एक वाटा स्त्रियांनी घेतला, तीच पाळी. पातक इंद्राचं, डाग बाईच्या वस्त्राला! महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला ओढून आणलं तेव्हा ती रजस्वला होती आणि ‘एकवस्त्रा’ होती. वस्त्रहरणाचा प्रसंग आपण कीर्तनात, नाटकात, दूरदर्शनवर शेकडो वेळा पाहिला. त्या दिवशी तिच्या अंगावर एकच वस्त्र का होतं, हे मात्र निरूपणात कुणी सांगत नाही.

आणखी एक गंमत वस्त्रशास्त्राच्या बाईला जाणवते. सोवळ्याओवळ्याच्या जुन्या नियमांत सुती कापडाला विटाळ लागतो, रेशमाला आणि लोकरीला लागत नाही. म्हणून पूजेला मुकटा किंवा पीतांबर, आणि बाहेर बसलेल्या बाईला निजायला घोंगडी. धर्मशास्त्रानं तंतूंचं असं वर्गीकरण केलं. पण कापूस विटाळ का घेतो? कारण तो सगळंच घेतो. पाणी, घाम, रक्त, तेल. ज्या गुणासाठी बाईनं त्याला अंगाशी धरलं, त्याच गुणासाठी शास्त्रानं त्याला दूर लोटलं. आणि हे कुठे? तर कापसाच्या मुलखात. इथे जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, कारण कापूस दाराशी होता. वणीपासून वर्ध्यापर्यंत तो कापूस वेचला कुणी? बायांनी. ओटीत पांढरं सोनं भरणाऱ्या त्या बाईला चार दिवसांसाठी धड हातभर कापड मिळायची मारामार होती.

या विटाळाला आपल्याच मातीत उत्तरही मिळालं होतं. ज्या महानुभाव पंथाचं ‘लीळाचरित्र’ आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, त्या पंथाच्या परंपरेत तेराव्या शतकातल्या चक्रधरांचा उपदेश आहे की हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव, त्याचा विटाळ कसला? पुढच्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी अभंगातून विचारलं की विटाळाशिवाय कुणाचा देह घडला आहे? सातशे वर्षांपूर्वी प्रश्न इतका स्वच्छ विचारून झाला होता. तरी आम्ही भाद्रपदात ऋषिपंचमीला, पाळीत नकळत झालेल्या शिवाशिवीचं पाप फिटावं म्हणून बैलाच्या कष्टाविना पिकलेली भाजी खात राहिलो. भाजी चविष्ट असते, मीही खाते. पण ती कशाची भरपाई आहे, हे पोरींना सांगायचं धैर्य आपल्यात नाही.

आता दोरीकडे येते. कापड धुणं ही निम्मी गोष्ट. ते वाळतं कुठे? नागपूरच्या उन्हाची मला वेगळी ओळख करून द्यायला नको. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो. आमच्या गच्चीवर उन्हाळाभर पापड, कुरडया, सरगुंडे, शेवया, मिरच्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांना ऊन मिळायचं. घरात ऊन न मिळणारी एकच वस्तू होती. ती गोठ्यामागे, माळ्यावर, बाजेखाली, नाहीतर दुसऱ्या पातळाखाली असायची. पुरुषाची नजर पडू नये, कुणी करणी करू नये, अशी कारणं सांगत. पावसाळ्यात ती कापडं दोन-दोन दिवस दमट राहायची, कुबट वास यायचा आणि तशीच पुन्हा अंगाशी घ्यावी लागायची. ऊन हे फुकटचं जंतुनाशक. ते आपल्या शहराइतकं कुठे उतू जात नसेल, आणि ते ज्या कापडाला सगळ्यात जास्त हवं होतं तेच सावलीत राहिलं.

ही माझी नुसती खंत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिशातल्या एका अभ्यासात असं दिसलं की पुन्हा वापरायची कापडं घरातल्या घरात वाळवणाऱ्या बायांमध्ये बुरशीचा संसर्ग जास्त आढळतो. ‘कापड घाण, पॅड स्वच्छ’ असं आपण पोरींना शिकवतो. त्याऐवजी ‘उन्हातलं कापड चांगलं, अंधारातलं वाईट’ असं शिकवायला हवं होतं. दोष धाग्यात कधीच नव्हता.

दुसरी वस्तू. हा पट्टा आणि हे लूपचं पॅड. याची जन्मकथा युद्धातली आहे. पहिल्या महायुद्धात कापूस टंचाईत आला, तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून जखमेवर बांधायचा एक शोषक पदार्थ बनवला, सेल्युकॉटन. आघाडीवरच्या परिचारिकांनी तो मलमपट्टीला वापरला आणि पाळीलाही वापरून पाहिला. युद्ध संपलं, साठा उरला, आणि १९२० मध्ये ‘कोटेक्स’ नावानं पॅड बाजारात आलं. म्हणजे दुकानातलं पहिलं यशस्वी पॅड कापसाचं नव्हतंच, झाडाचं होतं. आजही ज्याला आपण कापूस म्हणतो, तो पॅडच्या पोटात बहुतेक वेळा लाकडाचा लगदा असतो.

पण कोटेक्स खपेना. बाईनं दुकानात पुरुषासमोर मागायचं कसं? मग काउंटरवर पाकिटं मांडली आणि शेजारी पैशाची पेटी ठेवली. पैसे टाका, पाकीट उचला, बोलू नका. शंभर वर्षं झाली. आज सीताबर्डीवर मेडिकल स्टोअरमध्ये पॅड मागा. दुकानदार आधी वर्तमानपत्रात गुंडाळेल, मग काळ्या पिशवीत घालेल. पेटी गेली, पिशवी आली. पुढे एका लोकप्रिय पॅडचं नावच ‘व्हिस्पर’ ठेवलं गेलं, म्हणजे कुजबूज. आणि टीव्हीच्या जाहिरातीतलं रक्त कित्येक वर्षं निळं राहिलं. आमच्या वर्गात एकीनं भाबडेपणानं विचारलं होतं, “मॅडम, श्रीमंतांचं निळं असतं का?”

आपल्याकडे हे लूपचं पॅड शहरातल्या मोजक्या घरांत आलं. ‘केअरफ्री’ हे नाव इतकं रुजलं की कोणत्याही कंपनीचं पॅड म्हणजे केअरफ्री. इलॅस्टिकचा पट्टा कमरेला, पुढे-मागे आकडे, त्यात लूप अडकवायचे. नीट पाहा, ही रचना ओळखीची वाटते ना? आजीची नाडी आणि लंगोटच हा. अमेरिकेहून फिरून आलेला करगोटा.

तिसरी वस्तू, चिकटपट्टीचं पॅड. १९७० च्या सुमारास अमेरिकेत हे आलं आणि पट्टा हळूहळू इतिहासजमा झाला. पुढे त्यात पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी आली, पॅड पातळ झालं. शाळेत धावणारी, सायकल मारणारी, पोलीस भरतीसाठी मैदानात उतरणारी मुलगी यामुळे मोकळी झाली. मी कापडाच्या प्रेमात असले तरी हे नाकारणार नाही. पण चिकटपट्टीची एक न बोललेली अट आहे. तिला चिकटायला चड्डी लागते. चांगल्या मापाची, स्वच्छ, वाळलेली. पॅड वाटणाऱ्यांनी पाकिटं मोजली, ती चिकटवायची कशाला हे सगळ्यांनी विचारलं नाही. जिच्याकडे एकच चड्डी आहे, तिच्यासाठी प्रश्न पुन्हा दोरीवरच येऊन थांबतो.

सरकारी पातळीवर गेल्या पंधरा वर्षांत खूप हालचाल झाली. २०११ पासून आशाताईंमार्फत ६ पॅडचं ‘फ्रीडेज’ पाकीट ६ रुपयांना मिळू लागलं. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता’ योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ८ पॅड ५ रुपयांत. जनऔषधी केंद्रातलं पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून १ रुपयाला झालं. दरम्यान कराचा तमाशाही झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बांगड्या आणि कुंकू करमुक्त, आणि पॅडवर १२ टक्के! देशभर बायांनी आवाज उठवला आणि २१ जुलै २०१८ ला तो कर रद्द करायचा निर्णय झाला. सौभाग्याला सूट आणि शरीराला कर, हा हिशेब वर्षभर चालला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सांगतात की १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये आरोग्यदायी साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झालं. मोठी झेप आहे. पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे. ६४ टक्के मुली पॅड वापरतात आणि ५० टक्के कापड वापरतात. बेरीज शंभरावर जाते, कारण अनेक जणी दोन्ही वापरतात. काटोल रस्त्यावरच्या एका खेड्यात एका मुलीनं मला हे गणित सोडवून दाखवलं. ट्रंकेत तळाशी तिचं पॅडचं पाकीट होतं. म्हणाली, “मॅडम, हे पेपरच्या दिवसासाठी अन् एसटीनं जायचं असलं तं. घरी असलं की फडकंच.” तिच्या घरी पॅड बदलायला आडोसा होता, पण टाकायला जागा नव्हती. उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढतात, जाळलं तर आईचे बोल. फडकं निदान धुवून लपवता तरी येतं.

टाकायची जागा. शहरातल्या आपण इथे फार शहाण्या नाही. महिन्याला १६ पॅड धरा, वर्षाचे १२ महिने, पाळीची ३५ वर्षं. एका बाईचे ६७२० पॅड. त्यांतलं प्लास्टिक आपल्यामागे राहणार. ते जातं कुठे? आपण कागदात गुंडाळून कचरागाडीत टाकतो आणि आपल्यापुरता विषय संपतो. तो भांडेवाडीच्या कचराडेपोतही संपत नाही. तिथे आणि वाटेत कुठेतरी कुणाचे तरी हात ती पुडी उघडतात, बहुतेक वेळा बाईचेच हात. पुण्यातल्या कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं एकदा वापरलेल्या पॅडची पोती भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे धाडली होती. तुमचा माल आहे, तुम्हीच पाहा. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडसोबत वेष्टन द्यावं आणि घरोघरी ते गुंडाळूनच वेगळं द्यावं, असं आलं. पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ती हातानं उघडणार नाही, एवढीच या बायांची मागणी. ठिपक्याला पैसे लागत नाहीत. लिपस्टिकचाही चालतो.

आता जिथे वस्तूचा प्रश्नच दुय्यम आहे अशा दोन ठिकाणी जाऊ. पहिलं, आपल्या विदर्भातलं गडचिरोली. धानोरा, एटापल्ली, भामरागड भागातल्या माडिया गोंड गावांत शिवेवर ‘कुर्माघर’ असतं. पाळीतली बाई त्या दिवसांत तिथे राहते. जुनी कुर्माघरं म्हणजे मातीच्या भिंती, गळकं छप्पर, दार असलं तर असलं, चूल नाही. साप, पाऊस, थंडी. जेवण घरातल्या दुसऱ्या बाईनं आणून द्यायचं. अलीकडे काही गावांत पक्की कुर्माघरं झाली, त्यांत खाटा, पाणी, संडास आले. यावर मोठा वाद आहे. प्रथा मोडायची की घर बांधायचं? शहरात बसून ‘मोडा’ म्हणणं सोपं आहे. तिथल्या काही बाया सांगतात की वर्षात विसावा मिळतो तो तेवढाच. मला वाटतं, जिला स्वतःच्या घरात पडायला कोपरा मिळाला असता, तिला शिवेवरच्या झोपडीत विसावा शोधावा लागला नसता.

याच जिल्ह्यात आपल्याच नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगाचे डोळे उघडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे सारे आजार कापडामुळे, असं तो अभ्यास म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. त्यानं दाखवलं ते एवढंच की या शरीरांकडे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. बाया सोसत होत्या आणि दवाखान्यात बाईच्या पाळीच्या त्रासाला रकानाच नव्हता.

दुसरं ठिकाण बीड. ऊसतोडीला जोडपं जातं, त्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला की दंड. फडात आडोसा नाही, कोपीत न्हाणी नाही, पाणी लांब. पाळीत बाई काय करणार? २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. साधारण सहांतली एक. बोलताना त्या ‘पिशवी काढली’ म्हणतात, जणू दोरीवरची पिशवी काढून ठेवावी. जिथे कापड धुवायला जागा नव्हती, तिथे शरीरातलाच भाग काढून जागेचा प्रश्न सोडवला गेला. याहून भीषण काही मी या विषयात वाचलेलं नाही.

कामाची जागा आणि बाईचं शरीर यांचा विचार याच शहरात फार आधी झाला होता, हे आपण विसरलो. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. बाबासाहेब उपस्थित होते, हजारो बाया होत्या. तिथे ठराव झाला की गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांना २१ दिवसांची किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा, इजेची भरपाई मिळावी. ती पाळीची रजा नव्हती. पण बाईच्या अंगाला थकायची मुभा असते, हे त्या परिषदेतल्या बायांनी मंजूर केलं. फडातल्या बाईपर्यंत तो ठराव ऐंशी वर्षांतही पोचला नाही.

चौथ्या वस्तूबद्दल थोडक्यात. हा कप. पाहून वाटतं काल निघाला असेल, पण अमेरिकेतल्या लिओना चामर्स या अभिनेत्रीनं त्याचं पेटंट १९३७ मध्ये घेतलं होतं. तेव्हाचा रबराचा, आजचा सिलिकोनचा. घडी घालून आत बसवायचा, काही तासांनी रिकामा करून धुवायचा, पाळी संपली की उकळायचा. एक कप कित्येक वर्षं चालतो, कचरा जवळजवळ नाही. मग चालला का नाही? कारण तोही जागा मागतो. स्वच्छ पाणी, कडी लागणारं न्हाणीघर, उकळायला एक वेगळं भांडं, आणि ते गॅसवर ठेवताना ‘हे काय?’ असं न विचारणारी सासू. शिवाय स्वतःच्या शरीराला हात लावायची भीती. लग्नाआधी नको, असं आयाच सांगतात. पुढच्या पिढीत तो रुळेल. पण नुसता वाटून रुळणार नाही.

आता शेवटाकडे येते. बाईंच्या त्या धड्याचा एक भाग मी मघाशी सांगितला नाही. पट्ट्या शिवून झाल्यावर एकीनं विचारलं, “बाई, वाळत कुठे घालायच्या?” बाई थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझ्या घरी गच्चीवर घालते.” वर्गात कुणी हसलं नाही, कुणाचा विश्वासही बसला नाही. पुढे मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पाहिलं. गच्चीवर दोरी होती, एका टोकाला त्यांच्या यजमानांचं धोतर, एका टोकाला मुलांचे सदरे, आणि मधोमध पाच-सहा पट्ट्या, पिना लावून, उघड्यावर. शेजारच्या काकू म्हणे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. बाईंनी त्यावर कधी भाषण केलं नाही, लेख लिहिला नाही. दोरी तेवढी हलवली नाही.

टेबलावरची ही पट्टी त्याच मापाची आहे. व्याख्यानासाठी म्हणून काल रात्री आईच्या जुन्या लुगड्यातून फाडली, आज सकाळी धुतली. नऊ वाजता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर घातली. लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, “एवढंसंच धुणं?” मी सांगितलं, काय आहे ते. ते जरा गोंधळले, मग म्हणाले, “आज ऊन मस्त आहे.” साडेनऊला काढायला गेले तेव्हा पट्टी कडक वाळलेली होती. आजीच्या कापडाला गोठ्यामागे दोन दिवस लागायचे, हिला अर्धा तास पुरला.

ती इथेच ठेवून जाते. ज्यांना हात लावून पाहायची असेल त्यांनी पाहावी.